चिंधीच्या हातची

दार उघडलं तेव्हा मंजुळाच्या एका हातात क्रोशाची जाड लाकडी सुई होती, काखेत पोपटी पट्ट्यांचा गुंडा होता आणि गॅसवर दूध होतं. कुरियरवाला मोबाइलमध्ये डोकं घालून उभा. वर न बघताच त्यानं विचारलं, "चिंधी?" आणि मंजुळा म्हणाली, "हो."

इतकंच झालं. त्यानं खोका तिच्या हातात दिला, खोक्याचा फोटो काढला आणि तो जिना उतरून गेला. समोरच्या रीमाबेन कचऱ्याची पिशवी दाराबाहेर ठेवत होत्या. त्या हसल्या की नुसत्याच बघत होत्या, कळलं नाही. मंजुळानं दार लावलं आणि मग तिच्या लक्षात आलं. हो? आपण हो म्हणालो? चाळीस वर्षांहून जास्त काळ या नावानं कुणी हाक मारली नव्हती. तिनं ते नाव मारून, पुरून, वर दगड ठेवला होता, आणि परक्या माणसाच्या पहिल्याच हाकेला जीभ शिपायासारखी उभी राहिली. स्वतःचीच इतकी चीड आली की दूध उतू जातंय हे वासावरून कळलं. ओटा पुसला, शेगडी पुसली, पुसायला जे फडकं घेतलं ते फडकं नव्हतं, काल रात्री पुरं केलेलं नवं कोरं "पॉट होल्डर" होतं. म्हणजे आता तेही धुवा. या घरात साधं फडकं म्हणून मिळायचं नाही. सगळ्याचं काहीतरी विणून झालेलं.

खोक्यात लेबलं होती. बोटभर रुंदीच्या पांढऱ्या कापडी पट्ट्या, गुंडाळीच्या गुंडाळ्या, आणि प्रत्येकीवर लाल दोऱ्यानं विणलेलं "चिंधी", शेवटच्या वेलांटीला छान झोकदार वळण दिलेलं. शिवाय एक पुठ्ठ्याची पाटी, रविवारच्या प्रदर्शनात टेबलावर उभी करायची. तिच्यावर वर तेच नाव मोठ्या अक्षरांत आणि खाली बारीक ओळ: "सासूबाईंच्या खऱ्या नावावरून." मंजुळानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. ओळ तशीच होती.

या चिंध्यांचं खूळ घरात आणलं समिधानं, तिच्या सुनेनं. ती हाटकेशला टी-शर्टच्या एका युनिटमध्ये हिशेब बघते. तिथं कटिंगच्या टेबलाखाली होजिअरीच्या कापडाच्या पट्ट्या पडतात, कोणी नेत नाही. दिवाळीच्या आधी ती एक गोणी घेऊन आली आणि म्हणाली, आई, तुम्हाला क्रोशा येतो ना? येतो म्हणजे काय! मंजुळानं एके काळी बारीक पांढऱ्या दोऱ्याचे रुमाल, तोरणं, टीव्हीवरचं, फ्रिजवरचं, असं इतकं विणलं होतं की शेवटी वस्तू संपल्या होत्या. पण ते काम नाजूक होतं. सुई काडीसारखी, दोरा केसासारखा. हे म्हणजे दोरखंड वळणं. पट्टी ओढली की आपोआप नळीसारखी गुंडाळते, सुई अंगठ्याएवढी, दोन ओळींत मनगट भरून येतं. तरी तिनं विणलं. साखळी घातली, मुके खांब घातले, गोल फिरत फिरत पायपुसणं झालं. समिधानं टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी घात केला. मग मिक्सरखाली एक, कुंड्यांखाली एकेक, कांद्याबटाट्यांना टोपली, पाण्याच्या बाटल्यांना झगे. समिधा फोटो काढते, इंग्रजीत नावं देते, आणि विणते कोण, तर मंजुळा. लीलाधर, म्हणजे मंजुळाचे यजमान, पेपरच्या आडून म्हणाले होते, "आता मलाच एक कव्हर विणून टाक, धूळ बसणार नाही." मुलगा स्वरूप ऑफिसच्या गडबडीत एखादी टोपली पायाखाली आली की म्हणतो, "काय ही चिंधीगिरी!" तो आपला मुंबईच्या पोरांच्या भाषेत म्हणतो, स्वस्तातलं, भिकार असं काही. त्याला ठाऊक नाही. तो तसं म्हणाला की मंजुळाची सुई दर वेळी विणीचं एक घर चुकते, हेही त्याला ठाऊक नाही.

मंजुळाच्या आईची तीन पोरं पाठोपाठ गेली, मग ही झाली. वरसाव्याला, तिच्या माहेरी, तेव्हा घोडबंदरचा रस्ता असा सुसाट नव्हता, खाडी होती, भात होतं आणि पलीकडे मिठाचे आगर. पोर जगत नाही तर मरणाची नजर चुकवायची, म्हणून सुईणीनं हिला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून उकिरड्यावर नेऊन ठेवलं, आणि आईनं पसाभर मीठ देऊन तिला परत विकत घेतलं. टाकलेली वस्तू, हिच्यावर कुणाचा डोळा पडणार? नाव ठेवलं चिंधी. ठीक आहे, ठेवलं. त्या वेळची माणसं, भ्यालेली. पण मग हिच्या पाठीवर मुलगा झाला, तोही जगला, आणि आता धोका टळला असं सगळ्यांना वाटलं. त्याचं नाव काय ठेवावं? उत्तम! एका घरात, एका चटईवर, एक चिंधी आणि एक उत्तम. भीती संपली तर मग हिचंही नाव बदलायचं होतं ना! कुणाच्या डोक्यातच आलं नाही. उपयोग झालेली वस्तू कोपऱ्यात पडून राहते तसं ते नाव तिच्या अंगावर पडून राहिलं. शाळेत हजेरीला बाई "चिंधी" म्हणायच्या तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी टरकन कापड फाटल्याचा आवाज काढायचं. रोज. बाईसुद्धा ओठ आवळून हसायच्या. मंजुळाला अजून कुठं कापड फाडल्याचा आवाज आला की मान खाली घालावीशी वाटते, आणि आता रुंद पट्ट्या फाडून बारीक करताना घरात दिवसभर दुसरा आवाज नाही.

म्हणून लग्नात, लीलाधरांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं "मंजुळा" लिहिलं तेव्हा तिला जे वाटलं ते तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बाकीच्या मुली त्या ताटाकडे बघून रडतात म्हणे. ती बघतच राहिली. तांदूळ पुसू नका, असं सांगावंसं वाटलं तिला. म, अनुस्वार, ज, ळ. तोंडात खडीसाखर ठेवल्यासारखं. गोडदेवला सासरी आली ती मंजुळा म्हणूनच आली. इथं कुणाला मागचं माहीत नव्हतं आणि लीलाधर विसरले होते. अर्थात लीलाधरांनी ते नाव लिहिलं तेवढंच. तोंडात कधी आलं नाही. "अगं" आणि "ऐकलंस का" यावर त्यांचा संसार झाला. शेतं गेली, इमारती आल्या, जमिनीच्या बदल्यात हे फ्लॅट आले, शेजारी गुजराती, मारवाडी, युपीवाले आले, त्यांना ती आंटी, समिधाला आई. नीट बघायला गेलं तर मंजुळा म्हणून हाक मारणारं एकच माणूस होतं, तिची आई जिजाबाई. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून तिनं चुकूनही जुनं नाव काढलं नव्हतं. तिचं हे एक मंजुळाला फार बरं वाटायचं.

समिधा दुपारी जेवायला घरी आली ती दारातूनच ओरडली, "अरे! आई, तुम्ही उघडलंत? सरप्राइज होतं ना ते!"

"हे कुणी सांगितलं तुला?"

"मामांनी. मागे त्या हळदीला गेलो होतो ना, तेव्हा. किती भारी वाटलं मला! म्हणजे बघा ना, आपण चिंध्यांचंच करतोय सगळं, आणि तुमचं खरं नाव—"

"माझं खरं नाव मंजुळा आहे."

"हो, पण ते लग्नानंतरचं ना? म्हणजे ते तुमच्यावर लादलेलं. मी कुठं नाव बदललं? बायकांची ओळखच पुसून टाकतात. मला वाटलं, तुमची ओळख तुम्हाला परत द्यावी. मी तर रविवारी माइकवरून सगळी गोष्ट सांगणार होते, उकिरड्याची वगैरे."

मंजुळाच्या हातातली सुई टेबलावर आपटली गेली. समिधा. हवनात घालायची समिधा! आईबापांनी किती विचार करून ठेवलेलं नाव, ते कशाला बदलेल ही? ज्याच्या ताटात पंचपक्वान्नं आहेत त्यानं उपासाचं महत्त्व सांगावं. हे सगळं मनात धडाधड आलं आणि तोंडून मात्र भलतंच बाहेर पडलं: "दूध उतू गेलं आज तुझ्या त्या कुरियरमुळे."

"आई, तुम्हाला आवडलं नाही का?" समिधाचा चेहरा इतका खरोखर पडला की मंजुळाला आणखीच राग आला. मुलगी वाईट असती तर किती सोपं गेलं असतं. कजाग सुनेशी भांडता येतं. ही गळ्यात पडून गळा दाबते. "सगळी लेबलं आली हो. उद्या सगळ्या वस्तूंना शिवायची, परवा स्टॉल. पण तुम्ही नको म्हणालात तर नाही लावत, काही न लावता ठेवू. संध्याकाळपर्यंत सांगा फक्त."

संध्याकाळपर्यंत सांगा! जसं काही भाजी कुठली करू विचारतेय. लीलाधरांना विचारलं तर ते म्हणाले, "नावात काय ठेवलंय?" ज्याला जन्मभर "लीलाधरशेठ, लीलाधरशेठ" म्हणत लोकांनी खुर्ची दिली तो माणूस हे म्हणतो. स्वरूपनं फोनवर सांगितलं की मी तुमच्या दोघींच्या मध्ये पडणार नाही. कुणीच पडू नका. मंजुळानं साडी बदलली, पिशवीत अर्धवट विणलेली पोपटी चकती टाकली, कारण हात रिकामे असले की तिच्या हातून भांडी फुटतात, आणि वरसाव्याला भावाकडे जायला रिक्षा केली. कुणाचा तरी समाचार घेतल्याशिवाय आज चैन पडणार नव्हतं आणि उत्तमचा घ्यायला कारण होतं.

काशिमिऱ्याच्या नाक्यापासून पुलापर्यंत गाड्या तुंबलेल्या. धूळ, हॉर्न, पुढच्या ट्रकच्या मागे लटकणारं लिंबू. रिक्षावाला म्हणाला, "आंटी, ये तो रोज का है." मंजुळानं चकती काढली आणि विणायला घेतली. टेबलावर गरम पातेलं ठेवायची ती चकती. समिधाला तशा डझनभर हव्या होत्या. गोल विणताना प्रत्येक फेरीला थोडी घरं वाढवायची असतात. वाढवली नाहीत, किंवा हात आवळला, तर कड वर उचलते. ती विणत होती आणि मनात समिधाला उत्तरं देत होती. ओळख परत देणार म्हणे! मी मागितली होती? हरवली होती का? मी ती स्वतः टाकली, आनंदानं टाकली, आणि तू उकिरड्यावरून उचलून, धुऊन, लाल दोऱ्यानं विणून मला परत देतेस? आणि खरं म्हणजे काय? ज्या नावानं मी स्वयंपाक केला, बाळंत झाले, सासऱ्यांची आजारपणं काढली, ते खोटं? आणि ज्या नावाला पोरं फाटल्याचा आवाज काढायची ते खरं? पट्टी सुईवर करकचून आवळली जात होती. पुलाजवळ पोचेपर्यंत चकतीची कड चारी बाजूंनी वर आली होती आणि तिची वाटी झाली होती. हेही बिघडलं. मंजुळानं ती तशीच पिशवीत कोंबली.

उत्तमनं शेताच्या जागेवर लग्नाचं लॉन केलं होतं. दारात हात जोडलेला हत्ती, आत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचे मनोरे. तो घराच्या ओटीवर आईजवळ बसून कुणाला तरी फोनवर मंडपाचा रंग सांगत होता. बहिणीला बघून त्यानं हात हलवला. मंजुळानं चपला काढायच्या आधीच सुरुवात केली.

"तुला कुणी सांगितलं होतं माझ्या सुनेला ते नाव सांगायला?"

"कुठलं नाव?" त्यानं फोन खाली घेतला. "अच्छा, ते! अगं ताई, मस्करीत बोललो. हळदीत थोडी घेतली होती. पोरगी तर कसली खूश झाली!"

"मस्करीत. तुझी कधी मस्करी झाली का रे नावावरून? उत्तम! तुझ्यावर मस्करी करायची कशी?"

"आता इतक्या वर्षांनी काय त्याचं? एवढी चिडतेस काय, कोण काय बोलतंय तुला?" उत्तम खरोखरच गोंधळला होता. त्याच्या गोल, सुखी तोंडाकडे बघून मंजुळाला वाटलं, याला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ती आईच्या खाटेवर टेकली. जिजाबाई उशीला पाठ लावून रस्त्याकडे बघत होती. हल्ली तिला माणसं ओळखू यायची, वर्षं ओळखू यायची नाहीत.

"मंजुळा नं गो? ये बाय. कवा आलीस?"

"आत्ताच, आये." बघा, हिला कळतं. एवढ्या म्हातारीला कळतं. मंजुळानं रुमाल काढायला पिशवीत हात घातला, तर पोपटी वाटी बाहेर पडली आणि आईच्या मांडीवर गेली. जिजाबाईनं ती उचलली, उलटीसुलटी केली, बोटांनी दाबून पाहिली आणि सरळ डोक्यावर ठेवली.

"आये, अगं ती डोक्यावर नाही, टेबलावर ठेवायची. गरम भांड्याखाली."

"चुंबळ डोईवर नाय ठेवायची तं कुठं ठेवायची?" जिजाबाईनं मान ताठ केली. चुंबळीवर मिठाच्या पाट्या वाहून खचलेली ती मान, एरवी उशीवरून उचलायची नाही, ती आता सरळ उभी. एक हात तिनं वर नेला, नसलेल्या पाटीला लावला. उत्तम हसायला लागला. "चुंबळ माझी चिंधी वळायची," ती म्हणाली.

उत्तमचं हसू थांबलं.

"एवढीशी व्हती, पन काय हात! तिच्या हातची चुंबळ दिसभर हलायची न्हाय. आगरावरच्या बाया मना मागायच्या, जिजा, तुज्या पोरीला सांग एक वळायला. दिसंल ती चिंधी उचलायची नं वळत बसायची."

मंजुळाला यातलं काहीही आठवत नव्हतं. तिला हजेरी आठवत होती, मागचा बाक आठवत होता. ती म्हणाली, "आये, चिंधी म्हणजे मीच ना."

"तू मंजुळा."

"हो, पण लग्नाआधी—"

"चिंधी न्हाय ऱ्हायली." जिजाबाईनं हात खाली घेतला. "माजी चार गेली. धाकू गेला, शिवदास गेला, यमी गेली. त्यांच्यामागं चिंधी. ती मोठी होऊन गेली, म्हून जास्त लागलं." तिनं ते रोजचं काहीतरी सांगावं तसं सांगितलं. "मांडव व्हता दारात. वाजत व्हतं. मानसां जेवत व्हती. तिला कोन रडला पन न्हाय."

उत्तमनं बहिणीकडे बघितलं आणि मग जमिनीकडे. मंजुळाच्या कानशिलात काहीतरी ठणकायला लागलं. तिला आधी वाटलं हा रागच आहे, सकाळपासूनचा. इतकी वर्षं ती समजत होती की आईनं नवं नाव मनापासून घेतलं, लेकीची हौस ओळखली. हौस कसली! ती सुतक धरून बसली होती. एकटीच.

"आये, बघ इकडं. मीच ती. मी गेले नाही."

"रडू नको बाय. तुजा काय दोष त्यात?"

"अगो आये, मीच चिंधी हाय!" मंजुळा ओरडली. माहेरची बोली तिच्या तोंडून केव्हा बाहेर पडली तिला कळलं नाही. "मी मेली न्हाय! हतं बसलीय तुज्यापुढं! चिंधी हाय मी, चिंधी!" आतून भावजय पदराला हात पुसत धावत आली. लॉनवर खुर्च्या मांडणारे दोघे-तिघे कामगार थांबून बघायला लागले. बघू देत. जिजाबाईनं तिच्या तोंडाकडे पुष्कळ वेळ बघितलं, मायेनं बघितलं, आणि मान हलवली.

"तू बी माजीच हास," ती म्हणाली. "पन ती येगली."

पिशवीत फोन वाजत होता. भावजयीनं काढून हातात दिला. समिधा होती. "आई, सांगा ना, काय करू? मी विचार केला, खरंच सॉरी. सगळी लेबलं टाकून देते. चालेल?"

"टाकू नको."

"म्हणजे लावू?"

"लाव. पाटीवरचं ते 'खऱ्या' तेवढं खोड. आणि माइकवरून तू काही सांगायचं नाही. सांगायचं असेल तर मी सांगेन."

"नक्की ना, आई? तुम्ही रडताय का?"

"एकदा सांगितलं ना! ठेव आता फोन, आये बोलतेय माझी."

आये बोलत नव्हती. तिनं डोक्यावरची पोपटी चकती काढून मांडीवर घेतली होती आणि अंगठ्यानं तिची कड चाचपत होती. इतक्या वर्षांत आईनं आपल्या कामाकडे असं निरखून बघितल्याचं मंजुळाला आठवेना. रुमाल आणून दिले, तोरणं दिली, ती घडी करून पेटीत जायची. ती वाट बघत राहिली.

"बरी हाय," जिजाबाई म्हणाली आणि चकती परत दिली. "पन चिंधीच्या हातची सर न्हाय. घट वळलीस तू. बोचतं डोईला. ती सैल वळायची."

मंजुळानं पिशवीतून सुई काढली, चकतीचं टोक मोकळं केलं आणि ओढलं. फेरीमागून फेरी सरसर सुटत गेली, ओटीवर पोपटी पट्टीचा ढीग झाला, शेवटची साखळीही गेली. तिनं नाक पुसलं, पट्टीचं टोक पुन्हा सुईवर घेतलं आणि आईकडे सरकून बसली.

"किती सैल?" तिनं विचारलं.